वेटिंग रूममध्ये आया आपसात बोलत होत्या, डॉक्टरने ते मनावर घेतलं आणि रुबेलाचा खरा चेहरा जगासमोर आला

साल १९४१. ऑस्ट्रेलियातलं सिडनी शहर.

डोळ्यांच्या एका डॉक्टरकडे एक बाई आपलं तान्हं बाळ घेऊन आली. बाळाच्या डोळ्यांच्या बाहुल्या काळ्या दिसायच्या ऐवजी पांढऱ्या दिसत होत्या. डॉक्टरने तपासलं तर मोतीबिंदू निघाला.

आता मोतीबिंदू म्हटलं की आपल्याला आजोबा आठवतात. ऑपरेशन, हिरवी पट्टी, काळा गॉगल आणि पुढचे पंधरा दिवस पेपर वाचायला बंदी. इथं मात्र पेशंटला अजून मानसुद्धा नीट धरता येत नव्हती.

जन्मापासून मोतीबिंदू असलेलं बाळ क्वचित कधीतरी यायचं, त्यामुळे त्यात फार नवल नव्हतं. पण त्यानंतर दुसरं आलं, मग तिसरं आलं, आणि काही थांबेना.

या डॉक्टरचं नाव नॉर्मन मॅकॅलिस्टर ग्रेग. पुढं त्यांना सर ही पदवी मिळाली आणि ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकशास्त्राच्या इतिहासात मोठं नाव झालं. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. पण आज लहान पोरांना गोवर-रुबेलाची लस टोचली जाते, किंवा दिवस जाण्याआधी बाईला रुबेलाची लस झाली आहे का असं डॉक्टर विचारतात, त्या प्रश्नाचं मूळ या माणसापाशी जातं.

तर आधी हा गडी कोण होता ते बघू.

ग्रेग यांचा जन्म ७ मार्च १८९२ चा, सिडनीच्या बरवूड भागातला. शाळा सिडनीत, कॉलेज सिडनी युनिव्हर्सिटीत. अभ्यासात हुशार आणि मैदानावर त्याहून जोरात. क्रिकेट आणि टेनिस दोन्ही चांगलं खेळायचे. १९१५ ला डॉक्टर झाले तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होतं. डिग्री हातात आली आणि ते दवाखाना टाकायच्या ऐवजी जहाजात बसून इंग्लंडला गेले आणि ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात भरती झाले.

तिथून थेट फ्रान्सची आघाडी. लढाईत जखमी सैनिकांना सांभाळताना दाखवलेल्या धाडसासाठी त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. युद्ध संपल्यावर त्यांनी इंग्लंडमध्ये डोळ्यांचं शिक्षण घेतलं. १९२३ च्या सुमारास परत सिडनीला आले, लग्न केलं आणि मॅक्वारी स्ट्रीटवर प्रॅक्टिस सुरू केली. सिडनीतल्या मोठ्या डॉक्टरांचे दवाखाने याच रस्त्यावर. शिवाय रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटल आणि मुलांचं रॉयल अलेक्झांड्रा हॉस्पिटल इथंही ते पेशंट बघायचे.

म्हणजे एकूण सेट माणूस. वय पन्नाशीच्या जवळ, नाव झालेलं, दोन मुली, सुट्टीला खेळ. संशोधक वगैरे ते नव्हते. त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती, ना मदतीला टीम. सगळं आयुष्य असंच गेलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं.

पण ती बाळं.

ग्रेग यांच्या लक्षात आलं की ही बाळं नुसती मोतीबिंदूची नाहीत. ती वजनाला कमी आहेत. नीट दूध पीत नाहीत. बऱ्याच जणांच्या हृदयात दोष आहे. मोतीबिंदूही नेहमीसारखा नाही. मधोमध दाट पांढरा आणि बहुतेकांत दोन्ही डोळ्यांना.

त्या काळात डॉक्टरांकडे अशा केसला ठरलेलं उत्तर होतं. जन्मतः दोष म्हणजे घराण्यातून आलेला. आईकडून नाहीतर बापाकडून. पोटातलं बाळ वारेच्या आड सुरक्षित असतं, बाहेरचं काही तिथपर्यंत पोचत नाही, अशीच बहुतेकांची समजूत होती. वार म्हणजे डॉक्टर लोक ज्याला प्लॅसेंटा म्हणतात ती.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? बाळाचा ओठ फाटलेला निघाला की घरातली मोठी माणसं आईला विचारायची, ग्रहणात भाजी चिरली होतीस का. आजही विचारतात. तिकडे खापर रक्ताच्या नात्यावर फुटायचं, इकडे ग्रहणावर. दोन्हीकडे मान खाली घालायची वेळ बाईचीच.

पण ग्रेग यांना हे उत्तर पटेना. एकमेकांशी काही नातं नसलेल्या, वेगवेगळ्या भागांतून आलेल्या घरांमध्ये एकाच वर्षी एकच आनुवंशिक दोष कसा काय उगवेल?

इथं तो प्रसिद्ध किस्सा येतो. असं सांगतात की ग्रेग यांच्या वेटिंग रूममध्ये बाळांना मांडीवर घेऊन आया बसल्या होत्या. नंबर लागेपर्यंत बायका बोलतात तशा बोलत होत्या. त्यात एक म्हणाली की मला दिवस गेले होते तेव्हा जर्मन गोवर झाला होता. दुसरी म्हणाली, मलाही. हे बोलणं डॉक्टरांच्या कानावर पडलं.

किस्सा सांगणाऱ्यागणिक थोडा बदलतो. पण पुढं त्यांनी काय केलं याची मात्र पक्की नोंद आहे.

त्यांनी प्रत्येक आईला बसवून विचारायला सुरवात केली. गरोदरपणात काय काय झालं? ताप आला होता का? अंगावर पुरळ उठलं होतं का? कोणत्या महिन्यात? मग त्यांनी बाळाच्या जन्मतारखेवरून उलटं मोजत दिवस कधी गेले असतील ते काढलं. एकेका केसमध्ये तारखा एकाच ठिकाणी येऊन थांबायला लागल्या. या बायका नुकत्याच गरोदर होत्या तेव्हा, म्हणजे १९४० मध्ये, ऑस्ट्रेलियात जर्मन गोवराची जोरदार साथ ऐन भरात होती.

जर्मन गोवर म्हणजेच रुबेला. जर्मन डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन आधी केलं म्हणून ते नाव पडलं. रुबेला हे नाव मात्र १८६६ मध्ये हेन्री व्हील नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने दिलं, आणि ते दिलं भारतातली एक साथ पाहून. एवढा या नावाचा आपल्याशी जुना संबंध.

हा आजार पसरतो खोकल्या-शिंकांतून. विषाणू नाका-घशात शिरतो, तिथं वाढतो, मानेमागच्या गाठी सुजतात, बारीक ताप येतो, अंगावर फिकट लाल पुरळ उठतं आणि तीन दिवसांत सगळं गायब. बऱ्याच जणांना तर झालेला कळतही नाही. त्यामुळे १९४१ पर्यंत रुबेलाला कुणी फार भाव देत नव्हतं. पोरांचा किरकोळ आजार, चार दिवस शाळा बुडते, विषय संपला.

मग १९४० च्या साथीत असं काय वेगळं झालं? दुसरं महायुद्ध सुरू होतं. लष्करी छावण्यांमध्ये हजारो तरुण पोरं एकत्र कोंबलेली. छावणीत रुबेला शिरला आणि रजेवर घरी जाणाऱ्या सैनिकांबरोबर गावोगाव पोचला. घरी कोण होतं? त्यांच्या तरुण बायका. त्यांतल्या अनेकींना लहानपणी हा आजार होऊन गेलेला नव्हता, त्यामुळे अंगात प्रतिकारशक्ती नव्हती. आणि अनेकींना नुकतेच दिवस गेलेले.

ग्रेग एकट्या आपल्या पेशंटवर थांबले नाहीत. त्यांची स्वतःची बाळं होती १३. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या बाकीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, तुमच्याकडे अशा केस आल्यात का? उत्तरं आली आणि आकडा ७८ वर गेला. त्यातल्या ६८ बाळांच्या आईला गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता, आणि तोही बहुतेकींना पहिल्या एक-दोन महिन्यांत. म्हणजे आपल्याला दिवस गेलेत हे कळायच्या आत किंवा कळल्या कळल्या.

१५ ऑक्टोबर १९४१ ला मेलबर्नमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांची परिषद होती. तिथं ग्रेग उभे राहिले आणि त्यांनी आपला पेपर वाचला. आईला झालेल्या जर्मन गोवरामुळे बाळाला जन्मजात मोतीबिंदू होतो, असं त्यांनी मांडलं.

आता तुम्हाला वाटेल की टाळ्यांचा कडकडाट झाला असेल आणि दुसऱ्या दिवशी जगभर बातमी गेली असेल. तसं काही झालं नाही. पेपर छापून आला तो ऑस्ट्रेलियातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या वार्षिकात. बाहेर ते वाचणार किती? त्यात जग युद्धात अडकलेलं.

सिडनीतल्या पेपरांनी मात्र बातमी केली, आणि त्यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. गरोदरपणात रुबेला होऊन गेलेल्या इतर आयांचं म्हणणं पुढं आलं की आमच्या पोरांचे डोळे ठीक आहेत, पण त्यांना ऐकू येत नाही. हे ग्रेग यांच्या मूळ पेपरमध्ये नव्हतंच. ते डोळ्यांचे डॉक्टर, त्यांनी डोळे पाहिले होते. आणि बाळ काही महिन्यांचं असताना त्याला ऐकू येत नाही हे कळणार तरी कसं? पोरगं बोलायच्या वयाचं होतं आणि बोलत नाही तेव्हा घरच्यांना शंका येते.

म्हणजे बघा, आधी वेटिंग रूममधल्या आया आणि मग या आया. दोन्ही वेळा महत्त्वाचा धागा त्यांनीच दिला. ग्रेग यांचं मोठेपण माझ्या मते इथं आहे, की त्यांनी बायकांच्या गप्पा म्हणून हे सोडून दिलं नाही.

ॲडलेडमध्ये चार्ल्स स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये स्वतंत्रपणे तपास केला. त्यांनाही तेच दिसलं. मोतीबिंदू, हृदयाचे दोष, बहिरेपण, डोक्याचा लहान घेर.

तरीही इंग्लंडला पटत नव्हतं. लॅन्सेट या नावाजलेल्या मासिकाने १९४४ मध्ये लिहिलं की ग्रेग यांनी आपला मुद्दा सिद्ध केलाय असं म्हणता येणार नाही.

आपल्याला आज राग येईल, पण खरं सांगायचं तर त्या शंकेत थोडा दम होता. ग्रेग यांनी आधीच आजारी असलेली बाळं घेतली आणि त्यांच्या आयांना मागचं विचारलं. ज्यांना रुबेला झाला पण बाळ ठणठणीत झालं अशा आया मोजल्याच गेल्या नव्हत्या. त्या दवाखान्यात येणार तरी कशाला? आणि बाळाला काही झालं असेल तर आई मागचं सगळं आठवून आठवून सांगते, तसं इतर कुणी सांगत नाही. तेव्हा रुबेलाचा विषाणू कुणी पकडलेलाही नव्हता आणि रक्ताची टेस्टही नव्हती. पुरावा म्हणजे आईची आठवण, एवढंच.

हे सगळं वाद म्हणून कागदावर ठीक. पण तोपर्यंत बायकांना रुबेला होत होता.

एक नाव सांगतो, जुन्या हॉलिवूडची आवड असेल तर ओळखाल. जीन टिअर्नी. १९४३ मध्ये ही अभिनेत्री गरोदर असताना सैनिकांच्या मनोरंजनासाठी चालणाऱ्या हॉलिवूड कॅन्टीनमध्ये गेली होती. त्यानंतर तिला रुबेला झाला. तिची मुलगी वेळेआधी जन्मली, बहिरी, नजर अधू आणि मेंदूची वाढ खुंटलेली. पुढं कधीतरी एक चाहती तिला भेटली. तिने कौतुकाने सांगितलं की त्या वेळी छावणीत रुबेलाची साथ होती, बाहेर पडायला बंदी होती, पण तुम्हाला भेटायला मी नियम मोडून आले होते. टिअर्नी यांनी हा प्रसंग आत्मचरित्रात लिहिला आहे. अगाथा ख्रिस्तीच्या १९६२ च्या एका कादंबरीचं बीज याच घटनेत आहे असं मानतात. कोणती ते सांगत नाही, खुनी कोण ते आताच कळून जाईल.

ग्रेग यांनी पेपर वाचला त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. माहिती होती. पण सिडनीत छापलेला कागद लॉस एंजेलिसच्या त्या कॅन्टीनपर्यंत पोचला नव्हता.

ग्रेग यांच्या बाजूने भक्कम पुरावा उभा राहिला तो एका भलत्याच माणसामुळे. ऑलिव्हर लँकेस्टर, हे आकडेशास्त्रज्ञ. १९५१ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाची जुनी जनगणना काढली आणि त्यात बहिऱ्या लोकांची वयं तपासली. १९११ च्या जनगणनेत बहिरे लोक १० ते १४ या वयात एकदम जास्त दिसत होते. १९२१ च्या जनगणनेत तेच २० ते २४ या वयात जास्त. १९३३ मध्ये ३० ते ३४ मध्ये.

कळलं का? हा एकच गट होता. दर जनगणनेला तो आपल्या वयाने मोठा होत पुढं सरकत होता. उलटं मोजलं तर ही सगळी माणसं १८९९ च्या आसपास जन्मलेली. आणि त्या सुमारास तिथं रुबेलाची साथ येऊन गेली होती. म्हणजे ग्रेग सात-आठ वर्षांचे होते तेव्हाही हेच घडत होतं. चाळीस वर्षं ते आकडे सरकारी पुस्तकात छापलेले होते, फक्त कुणाला त्याचा अर्थ लागला नव्हता.

यानंतर शंका घेणारे गप्प झाले. १९५३ मध्ये ग्रेग यांना सर ही पदवी मिळाली.

बाळाच्या शरीरात नेमकं होतं काय, हेही हळूहळू कळत गेलं. आईच्या नाका-घशातून विषाणू तिच्या रक्तात उतरतो. रक्तातून वारेत जातो आणि तिथून बाळात. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे डोळे, कान, हृदय, मेंदू घडत असतात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं काम जोरात चाललेलं असतं. विषाणू या पेशींत घुसून बसतो आणि त्यांचं वाढणं मंदावतो. ज्या आठवड्यात जे घडत असेल ते बिघडतं. डोळ्यातलं भिंग घडत असेल तर मोतीबिंदू. आतला कान घडत असेल तर बहिरेपण. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मानंतर आपोआप बंद व्हायला हवी, ती उघडीच राहते. दिवस जायच्या जरा आधी किंवा गरोदरपणाच्या अगदी सुरवातीला रुबेला झाला तर विषाणू बाळापर्यंत जायची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. पुढच्या महिन्यांत हा धोका बराच उतरतो.

थोडक्यात, वार ही भिंत नव्हती. ग्रेग यांनी ती समज मोडली तेव्हा बाकीचे डॉक्टरही आईने काय खाल्लं, कोणतं औषध घेतलं, कोणता आजार काढला याकडे बघायला लागले. १९६१ मध्ये थॅलिडोमाइड या गोळीमुळे हातापायांची वाढ न झालेली बाळं जन्मतायत असा इशारा जगाला मिळाला. तो देणाऱ्यांपैकी एक डॉक्टर सिडनीचाच होता, विल्यम मॅकब्राइड.

रुबेलाचा विषाणू अखेर १९६२ मध्ये अमेरिकेतल्या दोन टीमनी वेगवेगळ्या पद्धतीने पकडला. आता लस करता येणार होती. पण लस यायच्या आधी साथ आली.

१९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाचे अंदाजे सव्वा कोटी रुग्ण झाले. ११ हजारांच्या वर गर्भ गेले. सुमारे २० हजार बाळं या आजाराच्या खुणा घेऊन जन्मली. ग्रेग यांच्या यादीत ७८ बाळं होती, इथं हजारोंचा हिशोब होता.

ग्रेग यांनी लस पाहिलीच नाही. २७ जुलै १९६६ ला सिडनीत ते वारले, तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. अमेरिकेत पहिल्या रुबेला लसीला मान्यता मिळाली १९६९ मध्ये, तीन वर्षांनी. त्यांच्या स्वतःच्या देशात शाळकरी मुलींना लस द्यायला सुरवात झाली १९७१ मध्ये.

आता इथं एक गोम आहे आणि ती नीट वाचा, कारण सोशल मीडियावर यात जाम गोंधळ घालतात.

रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत.

कारण या लसीत जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो. पोटातल्या बाळाच्या बाबतीत उगाच धोका नको म्हणून ती आधीच घ्यायची, आणि घेतल्यावर किमान एक महिना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. चुकून कुणी गरोदर असताना घेतलीच तर? अशा बायकांवर जगभर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलंय. लसीमुळे बाळाला रुबेलाचे दोष झाल्याचं त्यात दिसलेलं नाही, त्यामुळे त्या कारणासाठी गर्भपात करायचा सल्ला डॉक्टर देत नाहीत. बाळंतपण झाल्यावर, अंगावर पाजत असताना ही लस घेता येते.

पण यावरून कुणी फॉरवर्ड मारतो की गरोदर बाईला कुठलीच लस देऊ नये, तर ते साफ चूक. इंजेक्शनने देतात त्या फ्लूच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, ती गरोदरपणात चालते. आपल्याकडे कोविडची लस गरोदर बायकांना द्यायला आरोग्य मंत्रालयाने २ जुलै २०२१ ला परवानगी दिली. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलं की धनुर्वाताचं इंजेक्शन देतात, ते तर आपल्या आयांनीही घेतलंय. या लसींनी आईच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात आणि त्या वारेतूनच बाळाकडे जातात. ज्या वाटेने रुबेलाचा विषाणू गेला त्याच वाटेने बाळाची शिदोरीही जाते. शिवाय गरोदरपणात फ्लू आणि कोविड बाईला जास्त जड जातात, हा त्यातला दुसरा भाग.

रुबेलाचं मात्र गरोदर राहण्याआधीच बघावं लागतं. आणि हीच अडचण आहे. आपल्याकडे किती जणी दिवस जायच्या आधी डॉक्टरकडे जातात? बहुतेक जणी जातात ते पाळी चुकल्यावर. रुबेलाला जेवढा वेळ लागतो तेवढा तोपर्यंत निघून गेलेला असतो.

म्हणूनच सगळ्या पोरांना लहानपणीच लस द्यायची असं जगाने ठरवलं. मुलींबरोबर मुलांनाही. घरात रुबेला आणणारा शाळेतला छोटा भाऊ किंवा ऑफिसला जाणारा नवराही असू शकतो, जसे १९४० मध्ये रजेवरचे सैनिक होते.

भारतात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम फेब्रुवारी २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तोवर सरकारी लसीकरणात बहुतेक ठिकाणी गोवराचीच लस असायची. रुबेलाची हवी तर खाजगी दवाखान्यात पैसे भरून एमएमआर घ्यावी लागायची. गंमत म्हणजे तोपर्यंत पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट हीच लस बनवून जगातल्या कितीतरी देशांना पुरवत होती.

महाराष्ट्रात ही मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळांत पोचली. ९ महिन्यांपासून १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना लस. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरत होतं. लसीने पोरं आजारी पडतात, लसीने पुढं मूल होत नाही. काही पालकांनी त्या दिवशी पोरांना शाळेतच पाठवलं नाही. त्याच्या बरोबर एक महिना आधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, ऑस्ट्रेलियातून रुबेला हद्दपार झाल्याचं जाहीर झालं होतं. ग्रेग यांच्या पेपरला तेव्हा ७७ वर्षं झाली होती.

आता जरा गणित करा. २०१८ मध्ये ज्यांचं वय १५ च्या पुढं होतं, त्या मुली या मोहिमेत आल्याच नाहीत. लहानपणी त्यांना सरकारी केंद्रातून फक्त गोवराची लस मिळालेली. आज त्या विशी-तिशीत आहेत. म्हणजे नेमक्या त्याच वयात.

त्यातल्या बऱ्याच जणींना लहानपणी नकळत रुबेला होऊन गेलेला असतो आणि त्यांना आयुष्यभराचं संरक्षण मिळालेलं असतं. पण सगळ्यांना नाही. कुणाला मिळालंय आणि कुणाला नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही. रक्ताची एक टेस्ट असते, आयजीजी म्हणतात, त्यात समजतं. टेस्ट न करताही, गरोदर नसाल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थेट लस घेता येते. आधीच संरक्षण असलं तरी त्याने नुकसान होत नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी घरी आईला फोन केला. म्हटलं, ताईचं लसीकरणाचं कार्ड आहे का गं अजून? आईने असले कागद कधीच फेकले नाहीत. रेशनकार्डाच्या पिशवीतून कार्ड काढलं, त्याचा फोटो पाठवला. घडीवर फाटलेलं, डाग पडलेलं. बीसीजी, पोलिओ, ट्रिपल, गोवर, सगळ्यांपुढं तारखा. रुबेलाचा तर रकानाच नाही.

ताईचं लग्न फेब्रुवारीत आहे. फोटो तिला पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, ही घेतलीस का कधी? तिचं उत्तर आलं, हे काय असतं? मग मी तिला ग्रेगची गोष्ट सांगितली, फोनवर, वीसेक मिनिटं. शनिवारी ती डॉक्टरकडे जाणार आहे.